एकसष्टाच्या पोटातून निघालेली संख्या

१७६६३१९०४९ ही संख्या आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिली तर १,७६,६३,१९,०४९ अशी दिसते, आणि एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास अशी वाचावी लागते. तिच्या चेहऱ्यावर विशेष असे काहीच नाही. असा आकडा पीककर्जाच्या एखाद्या तक्त्यात दिसला तर कोणाचे लक्षही जाणार नाही. तिची महती एका साध्या अटीत दडलेली आहे. तिचा वर्ग करावा, त्यातून १ वजा करावा आणि उरलेल्या संख्येला ६१ने भागावे. भागाकार नेमका पूर्ण वर्ग येतो, आणि तो वर्ग २२६१५३९८० या संख्येचा असतो. शून्याचा क्षुल्लक अपवाद सोडला तर ही अट पाळणारी याहून लहान जोडी अस्तित्वातच नाही.

ही जोडी भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात आहे. त्यांनी स्वतःच लिहून ठेवल्याप्रमाणे त्यांचा जन्म शके १०३६ मधला आणि 'बीजगणित' ज्याचा भाग मानले जाते त्या 'सिद्धान्तशिरोमणी'ची रचना वयाच्या छत्तिसाव्या वर्षीची. म्हणजे हे उत्तर इसवी सन ११५०च्या सुमाराचे आहे. ग्रंथात ६७ आणि ६१ ही दोन उदाहरणे एकाच श्लोकात विचारलेली आहेत. वाचकाला मित्र म्हणून हाक मारून भास्कराचार्य म्हणतात की वर्गप्रकृतीचा, म्हणजे अशा प्रकारच्या समीकरणांचा, विषय तुझ्या मनात वेलीसारखा पसरला असेल तर याचे उत्तर सांग. ६७चे उत्तर तुलनेने सौम्य आहे: ४८८४२चा वर्ग हा ५९६७च्या वर्गाच्या ६७ पटीपेक्षा १ने मोठा आहे. ६१चे उत्तर मात्र दहा अंकी निघते, आणि माझ्या मते श्लोकातला खरा डाव तोच आहे.

आमचे गाव विदर्भातल्या अडाण नदीच्या खोऱ्यातले, कपाशी आणि तुरीचे, त्यामुळे हा प्रश्न मी गावातल्या अभ्यासिकेतल्या मुलांना शेताच्या भाषेत सांगतो. कपाशी चौफुली लावली, म्हणजे दोन्ही बाजूंनी डवरा फिरावा अशा बेताने ओळीतले आणि ओळींमधले अंतर सारखे ठेवले, तर चौरस वावरातल्या झाडांची संख्या ही एका ओळीतल्या झाडांचा वर्ग असते. आता समजा, अशी अगदी सारखी ६० चौरस वावरे आहेत आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक झाड एकटे उगवलेले आहे. ही सगळी झाडे उपटून एकाच मोठ्या चौरस वावरात चौफुली लावायची आहेत, आणि एकही झाड उरता किंवा कमी पडता कामा नये. प्रत्येक वावरात एका ओळीत किमान किती झाडे हवीत? उत्तर ४ आहे, कारण ६० वेळा १६ म्हणजे ९६०, त्यात धुऱ्यावरचे एक मिळवून ९६१, आणि तो ३१चा वर्ग. वावरे ६२ असतील तर ओळीत ८ झाडे पुरतात: ६२ वेळा ६४ म्हणजे ३९६८, अधिक १ म्हणजे ३९६९, आणि तो ६३चा वर्ग. वावरे ६१ असतील तर प्रत्येक वावराच्या एका ओळीत २२,६१,५३,९८० झाडे लागतात. दोन झाडांत तीन फूट अंतर धरले तर त्या एका वावराची एक बाजू दोन लाख किलोमीटरांच्या वर जाते, म्हणजे इथून चंद्रापर्यंतच्या अर्ध्या वाटेहून अधिक.

"सर, ६० ले चार, ६२ ले आठ, अन् मंग ६१ लेच काऊन एवढं लागते?" असे एका मुलाने विचारले होते. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे समाधानकारक उत्तर देता येते. ते देण्यासाठी मात्र ही संख्या सापडली कशी हे आधी पाहावे लागते, कारण ज्या वाटेने ती सापडते त्याच वाटेवर तिच्या मोठेपणाचे कारण पडलेले आहे.

एकेक संख्या घेऊन तपासत जाण्याची वाट इथे बंद आहे. १, २, ३ अशी क्रमाने प्रत्येक संख्या घ्यायची, तिच्या वर्गाची ६१ पट करायची, १ मिळवायचा आणि वर्गमूळ पूर्ण येते का पाहायचे, असे कोणी रात्रंदिवस न थांबता दर मिनिटाला एक या वेगाने केले, तरी उत्तरापर्यंत पोचायला सुमारे ४३० वर्षे लागतील. शिवाय वाटेत उत्तर जवळ आल्याची कोणतीही खूण दिसत नाही. हाताने गणित करणाऱ्या बाराव्या शतकातल्या माणसाजवळ रीत होती म्हणूनच हे उत्तर त्याच्या हाती आले.

त्या रीतीचा पाया ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त घातला होता. जुन्या परिभाषेत ६१ ही 'प्रकृती', जिच्या वर्गाची ६१ पट करायची ती 'कनिष्ठ', जिचा वर्ग तयार होतो ती 'ज्येष्ठ', आणि दोहोंतला फरक म्हणजे 'क्षेप'. आपल्याला क्षेप १ हवा आहे. ब्रह्मगुप्तांची 'भावना' असे सांगते की अशा दोन जोड्या हाती असतील तर त्यांतून तिसरी बनवता येते. पहिलीचे कनिष्ठ दुसरीच्या ज्येष्ठाने आणि दुसरीचे कनिष्ठ पहिलीच्या ज्येष्ठाने गुणून बेरीज केली की नवे कनिष्ठ मिळते. दोन ज्येष्ठांच्या गुणाकारात दोन कनिष्ठांच्या गुणाकाराची ६१ पट मिळवली की नवे ज्येष्ठ मिळते. आणि नवा क्षेप हा जुन्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. आजच्या बीजगणितात ही ओळख दोन ओळींत सिद्ध होते, पण ती सुचणे ही वेगळी गोष्ट आहे.

भावनेत एक अडचण राहते. तिने क्षेपांचा गुणाकार होतो, त्यामुळे क्षेप वाढतच जाण्याची भीती असते. चक्रवाल पद्धतीत ही भीती दूर केलेली आहे: भावना करताना दुसरी जोडी आपल्या सोयीने निवडायची, ती अशी की आलेल्या संख्यांना आधीच्या क्षेपाने भाग जावा आणि नवा क्षेप लहानच राहावा. ही पद्धत भास्कराचार्यांच्याही आधीची आहे. १०७३ मध्ये उदयदिवाकराने जयदेव नावाच्या गणितज्ञाचे या विषयावरचे श्लोक उद्धृत केलेले आहेत.

आता प्रत्यक्ष ६१. सर्वांत जवळचा वर्ग ६४, म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ ८ आणि क्षेप ३ पासून सुरुवात करू. आता अशी एक संख्या निवडायची की ती कनिष्ठाने (इथे १ने) गुणून ८ मध्ये मिळवली असता बेरजेला ३ने भाग जावा, आणि तिचा वर्ग ६१च्या शक्य तितका जवळ असावा. १, ४, ७, १० या उमेदवारांत ७ सरस ठरते, कारण ४९ आणि ६१ यांत १२चाच फरक आहे. मग नवे कनिष्ठ ८ अधिक ७, म्हणजे १५, भागिले ३, म्हणजे ५. नवे ज्येष्ठ ५६ अधिक ६१, म्हणजे ११७, भागिले ३, म्हणजे ३९. आणि नवा क्षेप उणे १२ भागिले ३, म्हणजे उणे ४. पडताळा सोपा आहे: ३९चा वर्ग १५२१, ५च्या वर्गाची ६१ पट १५२५, आणि फरक उणे ४.

चक्राचा एकच फेरा झाला आणि क्षेप उणे ४ आला. इथून पुढे चक्र फिरवण्याची गरजच उरत नाही, कारण क्षेप ४ किंवा उणे ४ आला की थेट १ वर कसे उतरायचे हे ब्रह्मगुप्तांनीच दाखवून ठेवले होते. दोन्ही संख्यांना २ने भागले तर कनिष्ठ पाच-द्वितीयांश, ज्येष्ठ एकोणचाळीस-द्वितीयांश आणि क्षेप उणे १ होतो. अपूर्णांक आले म्हणून बिचकायचे नाही. या जोडीची स्वतःशीच भावना केली की कनिष्ठ १९५ भागिले २, ज्येष्ठ १५२३ भागिले २ आणि क्षेप १ मिळतो. क्षेप हवा तो मिळाला, पण छेदातला २ अजून गेलेला नाही. या नव्या जोडीची मूळच्या अर्ध्या जोडीशी आणखी एकदा भावना केली की छेद जातो, आणि कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८ अशा पूर्ण संख्या मिळतात. फक्त क्षेप पुन्हा उणे १ झालेला असतो. तेव्हा या जोडीची स्वतःशी एक शेवटची भावना करायची. कनिष्ठ येते २९७१८ आणि ३८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे २२६१५३९८०, आणि ज्येष्ठ येते १७६६३१९०४९. क्षेप १.

त्या मुलाचे उत्तर आता समोरच आहे. ६१च्या बाबतीत पहिला मुक्काम अर्ध्या संख्यांवर पडतो, आणि अर्धे नाहीसे व्हायला तीच जोडी तीनदा गुंतवावी लागते. तिथे पोचल्यावर चिन्ह उलटे निघते, म्हणून सगळ्याची पुन्हा दुप्पट घडी करावी लागते. तीन गुणिले दोन म्हणजे सहा. मूळची अर्धी जोडी वर्गमूळासह बेरजेच्या रूपात लिहिली, म्हणजे ३९ अधिक ६१च्या वर्गमूळाची ५ पट, आणि सगळ्याला भागिले २, तर तिची किंमत ३९पेक्षा जेमतेम अधिक भरते. या किमतीचा सहावा घात साडेतीनशे कोटींच्या थोडा वर जातो आणि त्याचे अर्धे म्हणजेच आपली संख्या. ६० आणि ६२ या दोन्ही संख्या एखाद्या वर्गाच्या सोयीच्या शेजारी बसलेल्या असल्यामुळे त्यांना असा वळसा पडत नाही. शंभराच्या आत ज्या ज्या प्रकृतींसाठी हा प्रश्न विचारता येतो त्या सर्वांत ६१चेच उत्तर सर्वांत मोठे आहे. ९७चे उत्तर ६,२८,०९,६३३ वर थांबते, म्हणजे ६१च्या तुलनेत अठ्ठाविसाव्या हिश्शाच्या आसपास.

पडताळा घेण्याची एक सुंदर सोय या संख्येच्या रचनेतच आहे. १७६६३१९०४९चा सरळ वर्ग करायला गेले तर ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ अशी एकोणीस अंकी संख्या येते. 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत स्थानांची जी अठरा नावे दिली आहेत त्यांच्याही पलीकडे ती एक घर जाते. ती वाचायची तर ३१ परार्धांपासून सुरुवात करावी लागते. कागदावर हा गुणाकार करताना हातचे चुकण्याची शक्यता फार. त्याऐवजी वाटेतल्या जोडीकडे पाहावे. २९७१८चा वर्ग ८८३१५९५२४ आहे. ३८०५चा वर्ग १४४७८०२५ आणि त्याची ६१ पट ८८३१५९५२५ आहे. म्हणजे एक पूर्ण वर्ग आणि त्याच्या लगतची पुढची संख्या एका वर्गाची नेमकी ६१ पट, अशा या दोन सख्ख्या शेजारणी आहेत, आणि त्यांची बेरीज केली की १७६६३१९०४९ मिळते. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग वजा त्यांच्या गुणाकाराची चौपट म्हणजे त्यांच्या वजाबाकीचा वर्ग, हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असते. इथे वजाबाकी १ आहे आणि गुणाकाराची चौपट म्हणजेच २२६१५३९८०च्या वर्गाची ६१ पट. एवढ्यावर पडताळा पूर्ण होतो आणि नऊ अंकांपलीकडचा एकही गुणाकार करावा लागत नाही.

ज्यांना तेवढाही खटाटोप नको त्यांच्यासाठी नऊ काढून टाकण्याची जुनी कसोटी आहे. ज्येष्ठाच्या अंकांची बेरीज ४६, तिची १०, तिची १; कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे नऊचा शेष शून्य. एकाचा वर्ग एक आणि शून्याची ६१ पट शून्य, फरक १. या कसोटीने उत्तर बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही, चुकीचे असते तर बहुधा पकडले गेले असते एवढेच कळते. आमच्याकडे जुने लोक हिशेबाच्या वहीत अशीच खात्री करून घेत.

याउलट, संगणकावरची साधी स्प्रेडशीट इथे हटकून चुकीचे सांगते. एका घरात मोठी संख्या, दुसऱ्यात लहान, आणि तिसऱ्यात पहिलीच्या वर्गातून दुसरीच्या वर्गाची ६१ पट वजा करण्याचे सूत्र लिहिले, तर उत्तर १ येण्याऐवजी शून्य येते. सूत्रात दोष नसतो. अशा तक्त्यांत संख्या दशांश चिन्हासह ६४ द्विमान अंकांत साठवल्या जातात आणि त्यांत पंधरा-सोळा सार्थ अंकच अचूक टिकतात, तर आपले वर्ग एकोणीस अंकी आहेत. त्या आकाराच्या संख्यांमध्ये यंत्राला लगतचा म्हणून जो पुढचा थांबा दिसतो तो ५१२ने दूर असतो. १चा फरक दोन थांब्यांच्या मधल्या दरीत हरवतो आणि दोन्ही संख्या एकाच थांब्यावर नेऊन बसवल्या जातात. पूर्णांकांचे गणित अंकसंख्येची मर्यादा न ठेवता करणाऱ्या पायथॉनसारख्या भाषेत हाच प्रश्न विचारला की निमूटपणे १ मिळतो. अभ्यासिकेतल्या मुलांना स्प्रेडशीटमधले ते शून्य मी मुद्दाम दाखवतो, कारण पडद्यावरचा आकडा कितपत खरा मानावा हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

दोन संख्यांचा भागाकार केला तर ६१चे वर्गमूळ मिळते, आणि ते किती अचूक मिळते हे पाहण्यासारखे आहे. २५ आणि ३६ यांची बेरीज ६१, म्हणून ५ किलोमीटर लांब आणि ६ किलोमीटर रुंद अशा काटकोनी जमिनीचा कर्ण ६१च्या वर्गमूळाइतका भरतो, म्हणजे ७.८१०२४९६७५९०६६५४३९... किलोमीटर. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागून येणारी किंमत पहिल्या सतरा दशांश स्थळांपर्यंत याच्याशी जुळते. एवढ्या मोठ्या जमिनीच्या कर्णात त्या भागाकारामुळे पडणारी चूक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही कमी आहे. मोजणीला येणाऱ्या भूमापकाची साखळी अर्थातच त्याच्या कितीतरी आधी हात टेकते.

आता या संख्येच्या पोटात शिरू. तिचे अवयव पाडले तर ११, ५९, १५२३ आणि १७८७ या चार मूळ संख्या मिळतात. ११ने भाग जातो हे अंकांच्या एकाआड एक बेरजा करून लगेच कळते. १५२३ कुठून आली हे वर आलेच आहे: वाटेतल्या एका पायरीवर अर्ध्या रूपात दिसलेले ज्येष्ठ तेच. तिथून अंतिम ज्येष्ठाकडे जाताना जोडी तीनदा गुंफली जाते, आणि तीनदा गुंफण्याच्या सूत्रात मूळची संख्या अवयव म्हणून टिकून राहते. नेमके सांगायचे तर १५२३च्या वर्गातून ३ वजा करून अर्धे केले की ११५९७६३ येते, आणि १५२३ने तिला गुणले की आपली संख्या पुरी होते. वाटेतला मुक्काम उत्तराच्या अंगावर असा कायमचा उमटून राहतो हे मला या सगळ्या गणितातले सर्वांत देखणे वाटते.

या चार अवयवांची आणखी एक गंमत आहे. चौघांनाही २४ने भागले तर बाकी ११ उरते. याचा काही भाग सकारण आहे. आपली संख्या २९७१८च्या वर्गाची दुप्पट अधिक १ अशी असल्यामुळे, आणि अशा संख्यांच्या विषम मूळ अवयवांना ८ने भागले तर १ किंवा ३ एवढीच बाकी उरू शकते हे अठराव्या शतकात सिद्ध झालेले असल्यामुळे, बाकीच्या शक्यता आधीच गळतात. १५२३च्या वर्गातून ३ वजा करण्याच्या वरच्या सूत्रामुळे ११, ५९ आणि १७८७ यांच्यावर आणखी एक बंधन येते, आणि दोन्ही मिळून २४ने भागताना १ किंवा ११ हे दोनच पर्याय उरतात. त्यांपैकी तिघांच्याही वाट्याला ११ यावेत आणि ते दुसरे बंधन नसलेल्या १५२३नेही त्याच रांगेत येऊन बसावे, हा मात्र योगायोग. मोठ्या संख्यांशी खेळताना कोणती गोष्ट कारणाने घडते आणि कोणती योगाने, हे वेगळे करण्याची सवय लावून घ्यावी लागते. नाहीतर माणूस थेट अंकज्योतिषाच्या दुकानात जाऊन पोचतो.

लहान संख्येचे अवयव २ दोनदा, ३ दोनदा, आणि ५, १३, १२७, ७६१ एकेकदा असे आहेत. दोन्ही यादींत एकही मूळ संख्या समान नाही, आणि तशी ती असणे शक्यही नव्हते, कारण समान अवयवाला दोन्ही वर्गांच्या वजाबाकीलाही भागावे लागले असते, आणि ती वजाबाकी १ आहे.

इतिहासाचे थोडके सांगतो. १६५७च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये फर्माने फ्रेनिक्ल या गणितज्ञाला पत्र लिहून हाच प्रश्न घातला, आणि फार त्रास होऊ नये म्हणून ६१ आणि १०९ अशा लहानशा संख्या सुचवल्या. हा खट्याळपणा ज्याला उत्तरांचा आकार आधीच माहीत आहे तोच करू शकतो. बीजगणिताचे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये आले, त्यामुळे फर्माला भास्कराचार्यांचे उदाहरण माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पाच शतकांच्या अंतराने दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन ६१वरच बोट ठेवले. इंग्लंडमध्ये ब्राउंकर आणि वॉलिस यांनी उत्तराची रीत काढली, ऑयलरने चुकून श्रेय जॉन पेल या इंग्रज गणितज्ञाला दिले आणि समीकरणाला तेच नाव चिकटले, आणि अशा प्रत्येक प्रकृतीला उत्तर असतेच याची सिद्धता पुढे लाग्रांजने दिली. १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात जर्मन गणितज्ञ हँकेलने चक्रवालाची गणना लाग्रांजपूर्वीच्या संख्यासिद्धान्तातल्या सर्वोत्तम कामगिरीत केली.

विदर्भातल्या वाचकांना एक नाव मात्र आवर्जून सांगावेसे वाटते. 'बीजगणिता'वरची 'बीजपल्लव' ही टीका कृष्ण दैवज्ञांची आहे, आणि त्यांचे घराणे मूळचे विदर्भातल्या दधिग्रामचे. पुढे ते काशीला जाऊन स्थायिक झाले आणि कृष्ण दैवज्ञ जहांगीराच्या दरबारी मान्यता पावले. भास्कराचार्य सूत्र आणि उदाहरण देऊन पुढे जातात. सूत्र खरे का, ही उपपत्ती टीकेत मांडण्याचे काम या वैदर्भीय कुळातल्या माणसाने केले. आपल्याकडच्या शाळांत हे नाव मी कधी ऐकले नाही, आणि ते ऐकू यायला हवे असे माझे ठाम मत आहे.

ज्यांना हात चालवून पाहायचा असेल त्यांनी फर्माची दुसरी संख्या १०९ घ्यावी. कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप उणे ९ पासून निघून ८ निवडले की कनिष्ठ २, ज्येष्ठ २१, क्षेप ५ मिळतो. मग १२ निवडले की ९, ९४ आणि ७. मग ९ निवडले की २५, २६१ आणि पुन्हा तोच उणे ४. तिथून पुढचा जिना ६१चाच आहे: आधी अर्धे करणे, मग तिहेरी गुंफण, मग दुप्पट घडी. तिहेरी गुंफणीनंतर कनिष्ठ ८५१५२५ आणि ज्येष्ठ ८८९०१८२ यायला हवे. या ज्येष्ठाचा वर्ग ७९०३५३३५९९३१२४ आहे, कनिष्ठाच्या वर्गाची १०९ पट ७९०३५३३५९९३१२५ आहे, आणि या दोन शेजारणींची बेरीज, म्हणजे १५८०७०६७१९८६२४९, हे १०९चे पंधरा अंकी उत्तर.